पिल्लाची भाकर

अंबडच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या दिसायला लागल्या, की आमची एसटी बैलांच्या चालीनं चालते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकतो, बैलांना त्याचं काही नसतं. मी रोज जालन्याहून अंबडच्या कोर्टात कारकुनीला जाते, बावीस वर्षं झाली, त्यामुळे हा हंगाम मला कॅलेंडरशिवाय कळतो. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, खिडकीतून येणारा हुरड्याच्या शेकोटीचा धूर, आणि गाड्यांवरून गळून रस्त्यावर चिरडलेल्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवट वास. प्रत्येक गाडीखाली दोरीनं बांधलेलं एक कुत्रं बैलांच्या सावलीतून चालत असतं. पूर्वी मला ते दिसायचंच नाही. ऊस दिसायचा, बैल दिसायचे, वर बसलेली बाई दिसायची. गेल्या हंगामापासून मात्र कुत्रं आधी दिसतं, आणि याची आई कुठं राहिली असेल, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न मला मायनं शिकवला. माय म्हणजे माझी आई.

ती मेंढपाळाची लेक. लहानपणी मेंढरांमागं गोदावरीच्या काठाकाठानं किती चालली असेल, त्याचा हिशेब नाही. पुढं मेंढरं गेली, थोडी जमीन आली, आणि ती अंबडच्या पलीकडच्या आमच्या गावात स्थिरावली. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी ती बांधावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून मी तिला थेट तिथल्याच मस्तगड भागात माझ्या घरी आणलं. गावातल्या घराला कुलूप लावायलासुद्धा तिला नेलं नाही. चुलतभावानं कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. सगळं कसं झटपट उरकलं, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. खाली दुकानं, वर आम्ही, मध्ये एकोणीस पायऱ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की या दोन-तीन महिन्यांत चालल्या तर चालल्या, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. माय ऐकायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची. वॉकरवर तिनं लुगडं वाळत घातलं होतं. मी रागावले, समजावलं, एकदा चक्क रडले. तिचं आपलं एकच, लेकीच्या दारात किती दिवस पडून राहायचं. तिला चालता येत नव्हतं असं नाही, तिला कुठं जायचंच नव्हतं. माझी माय माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि माझ्याकडं औषधांच्या पुड्यांशिवाय काही नव्हतं.

मग एके दिवशी भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "नंदे, कुत्रं पायजे."

मला वाटलं, ताप चढलाय.

"मोठं न्हाई. मोठं पायात आलं तं पडंन मी. मांडीत मावंल येवढंच पायजे."

तिच्या माहेरची कुत्री लांडग्याच्या अंगावर जायची. त्या बाईनं मांडीतलं कुत्रं मागावं, याचं माझ्या नवऱ्याला हसू आलं, पण तिनं काहीतरी मागितलं याचा आनंद त्यालाही झाला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. चहाच्या कपात बसवलेली पांढरी, तपकिरी पिल्लं, खाली गाणी, वर बदाम. 'टीकप' म्हणे. मोठं झालं तरी एवढंच राहतं, म्हणे. एका मोठ्या शहरातल्या माणसानं घरपोच पाठवायची हमी दिली आणि मी हो म्हणून टाकलं.

आता माझा धंदा काय? मूळ कागद समोर ठेवल्याशिवाय मी नकलेवर शिक्का मारत नाही. बांधावरून भांडणाऱ्या भावांना मी मूळ सात-बारा आणायला परत गावी पिटाळलंय. त्याच मी, एक जिवंत जीव चित्र बघून मागवला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पिल्लू आलं ते ट्रॅव्हल्सच्या बसनं, द्राक्षांच्या खोक्यात. खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. मायनं त्याला हातात घेतलं, अंगठ्यानं ओठ वर केला आणि हिरडीवरून बोट फिरवलं. दीड महिन्याचं आहे म्हणाले, मी सांगितलं.

"दात न्हाईत याला," ती म्हणाली. "आईच्या अंगावरून वढून आणलंय."

पोरक्या कोकराला पाजतात तसं तिनं शेळीचं दूध पाणी घालून कोमट केलं आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाजलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला पिशवीत घालून अंबडला नेलं. तिथले जनावरांचे डॉक्टर कोर्टात साक्षीला येतात म्हणून माझ्या ओळखीचे. त्यांनी पिल्लू तपासलं, सलाइन लावलं आणि मला फैलावर घेतलं. इतक्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साठवण नसते, दोन-तीन तास पोट रिकामं राहिलं तर साखर उतरून ते गार पडतं. त्याला निदान दोन महिने, जमलं तर त्याहून जास्त, आईजवळ ठेवायचं असतं. आणि टीकप नावाची जात जगात नाही. अशक्त, खुरटलेलं पिल्लू कपात बसवलं की त्याला हे नाव मिळतं. डॉक्टर बोलत होते आणि मी पिशवीच्या बंदाशी चाळा करत खाली मान घालून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायच्या पदरात ते गेलं. मी त्या विकणाऱ्याला फोन केला. त्यानं आवाजही चढवला नाही. दुसरं पाठवतो ताई, टेन्शन घेऊ नका, म्हणाला. एवढ्या सहजपणे म्हणाला, की मी फोन कापला. नवऱ्यानं पिल्लू मित्राच्या शेतात पुरलं. मायनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही, आणि आता ही कायमची भिंतीकडं वळणार, असं मी धरून चालले.

पण संध्याकाळी ती उठून बसली. म्हणाली, "चूक आपली हाय. आई न बघता आणलं. आता आणायचं तं आई बघून, भाकर घालून आणायचं. न्हाई मिळालं तं न्हाई."

तिच्या माहेरच्या मेंढपाळांत एक रीत होती. पिल्लू नेणाऱ्यानं आपल्या हातानं भाकर करायची, दुधात कुस्करायची आणि कुत्रीला, म्हणजे पिल्लाच्या आईला, स्वतः घालायची. लेकरू नेतोय म्हणून. कुत्रीनं खाल्ली तर पिल्लू उचलायचं. तोंड फिरवलं तर रिकाम्या हातानं घरी. आणि वर्षाच्या आत लेकरू एकदा आईला दाखवायला आणायचं. लहानपणी मी हे ऐकलं होतं आणि अडाण्यांची रीत म्हणून सोडून दिलं होतं. आता डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि लक्षात आलं की रीत तेच सांगते. भाकर घालायची तर आईपर्यंत जावं लागतं, ती धड आहे का, दूध आहे का, पिल्लं तिच्याजवळ आहेत का, सगळं दिसतं. खोक्यातून आलेल्या पिल्लाची भाकर कुणाला घालणार?

मग मी हट्टाला पेटले. त्या थंडीत मी जेवणाच्या सुट्टीत रोज फोन लावत होते आणि पहिला प्रश्न एकच विचारत होते, पिल्लाची आई बघायला मिळेल का. निम्म्या लोकांनी तिथंच फोन ठेवला. एकानं सांगितलं, आई गावाला गेलीय. हे मी घरी सांगितलं तेव्हा माय ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. कुत्रीबी गावाला जाती का, म्हणाली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. तेव्हा मला त्या गप्पपणाचा अर्थ लागला नाही. एकीनं व्हिडिओवर आई दाखवली, तर मायनं चष्मा लावून बघितलं आणि सांगितलं, हिच्या सडाला दूध न्हाई, ही उसनी आई हाय. नवरा म्हणाला, पुरे आता, दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकायचं. मी म्हटलं, अजून फुंकणार.

शेवटी अंबडच्या डॉक्टरांनीच पत्ता दिला. अंकुशनगरला, साखर कारखान्यावर नोकरी करणाऱ्यांच्या वसाहतीत शैलाताई म्हणून आहेत, त्यांच्या पॉमेरियन कुत्रीला पिल्लं झालीत. पण बाई खमक्या आहेत, सहजासहजी देत नाहीत, असंही सांगितलं.

अंकुशनगर म्हटलं की हंगामात आधी वास येतो, मळीचा, गोड आणि आंबट एकत्र. मग भोंगा ऐकू येतो. मग काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर तिळासारखी पडलेली. शैलाताई दारात उभं राहून कपडे झटकत होत्या. कुत्री चिंगी, ओंजळीत मावेल एवढी, पण मी उंबऱ्याशी आले तशी तिनं असा दम भरला की मी दोन पावलं मागं सरले. घरात स्वयंपाकघराच्या कडेला, पोत्यावर जुनं धोतर अंथरून, तीन पिल्लं. चिंगी जाऊन आडवी झाली आणि तिन्ही तिला लुचली. मी बघतच राहिले. मूळ कागद म्हणतात तो हा, असं मनात आलं.

मग माझी उलटतपासणी झाली. रोज साक्षीदारांची बघते, आपली पहिल्यांदाच. घरात दिवसभर कोण असतं, गॅलरीच्या गजांतून पिल्लू निसटेल का, दिवसातून चार वेळा कोण खायला घालणार, लसीला कोण नेणार. मी धडाधड उत्तरं दिली. आईसाठी हवंय, म्हटलं. तशा त्या थांबल्या. आजींचं वय विचारलं, पाय विचारला, जिना विचारला.

"पिल्लाला खाली कोण नेणार?"

मी नेईन, म्हटलं.

"तुम्ही अंबडला असता. आणि उद्या आजींचं काही झालं तर?"

मी, म्हटलं. मला कुत्र्यांची हौस नव्हती, तरी तोंडातून आलं ते खरं आलं.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. एका रविवारी त्या जालन्याला आल्या, आमचा जिना चढल्या, गॅलरीच्या गजांत मूठ घालून बघितली. मग मायच्या खाटेजवळ बसून सरळ बोलल्या. "आजी, पिल्लू मला द्यायचंय. पण खाटेवरच्या माणसाला मी कुत्रं देत नसते. त्याला चालणारं माणूस लागतं. अजून पाच आठवडे ते आईजवळच राहणार. तोवर बघा."

मला बाईचा राग आला. दुखणाईत म्हातारीला कुणी असं बोलतं का? माय मात्र तिच्याकडं टक लावून बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्याशी कुणीतरी दुखणाईत न समजता बोललं होतं. शैलाताई गेल्यावर तिनं वॉकरवरचं लुगडं काढलं, घडी घातली आणि म्हणाली, "बाई बराबर बोलली."

ते पाच आठवडे मला तारीखवार आठवत नाहीत, पायऱ्यांनी आठवतात. आधी दारापर्यंत. मग पहिली पायरी, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. तिसऱ्या पायरीवर ती एकदा बसलीच, दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते, आणि मी म्हटलं, राहू दे आज. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. संक्रांतीला ती अकराव्या पायरीवर बसून तीळगूळ वाटत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला जिन्यातच. खालच्या दुकानदारांना सवय झाली. आज किती, असं वर मान करून विचारायचे. एकोणिसावी पायरी उतरून ती रस्त्यावर उभी राहिली तेव्हा समोरच्या चहावाल्यानं तिला चहा पाजला, आणि तिनं तो बशीत ओतून, कुणाची घाई नसल्यासारखा प्यायला. मी दुकानाच्या शटरला टेकून रडत होते.

पिल्लू आणायच्या दिवशी पहाटेपासून ती ओट्याशी उभी होती. पडल्यापासून तिनं पीठ मळलं नव्हतं. ज्वारीची भाकर तिनं थापली ती काय थापली, परातीएवढी, जाडजूड, लांडग्याशी झुंजणाऱ्या कुत्र्याला पुरेल अशी. फडक्यात बांधून, रिक्षा ठरवून आम्ही अंकुशनगरला गेलो. चिंगीसमोर ती भाकर ठेवली तेव्हा भाकर मोठी दिसत होती आणि चिंगी लहान. चिंगीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

मायनं एवढंच म्हटलं की तोंड फिरवलं तं न्यायचं न्हाई, रीत म्हंजे रीत. पाच आठवडे, एकोणीस पायऱ्या, आणि हे कुत्र्याचं तोंड. मी शैलाताईंना डोळ्यांनी विनवत होते, तर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. वाटीत दूध आणून मायपुढं ठेवलं. "आजी, तिचं तोंड केवढं, तुमचा तुकडा केवढा. बारीक करा," म्हणाल्या.

माय स्टुलावर बसून, वाकून, नखाएवढे तुकडे करून दुधात मऊ करत राहिली. दुखऱ्या खुब्यानं वाकून राहणं सोपं नव्हतं. बोटांवर दूध घेऊन तिनं ती बोटंच चिंगीपुढं धरली. चिंगीनं आधी बोटं चाटली. मग वाटी चाटूनपुसून साफ केली.

मला शैलाताईंनी एका कागदावर सही करायला लावलं. साधाच, वहीचा कागद. जमलं नाही, करमलं नाही, तर सोडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, परत इथं आणायचं. खाली लसीच्या तारखा. बावीस वर्षांत मी पुष्कळ कागद हाताळले, पण इतका चोख मसुदा क्वचित पाहिला.

पिल्लाचं नाव मायनं खंड्या ठेवलं. तिच्या वडिलांच्या सगळ्यात दांडग्या कुत्र्याचं हे नाव. नारळाएवढा जीव आणि नाव खंड्या. पण तो भुंकायला लागला की खालच्या गल्लीतली कुत्री गप्प होतात, हे मी शपथेवर सांगते. रोज सकाळ-संध्याकाळ माय काठी टेकत त्याला खाली नेते. मायचे डॉक्टर म्हणाले, व्यायाम उत्तम चाललाय. व्यायाम कसला, त्याला लागली की तो थांबत नाही.

या वर्षी उसाच्या पहिल्या गाड्या दिसल्या आणि मी घरी येऊन सांगितलं, तशी माय म्हणाली, चिंगीला लेकरू दाखवायचं राह्यलंय. वर्षाच्या आत म्हंजे आत. मी रजा टाकली. खंड्याला झाकणाच्या टोपलीत घालून आम्ही एसटीनं निघालो. कंडक्टरनं आधी नाही म्हटलं, मग टोपलीत डोकावून बघितलं आणि टोपली मांडीवरच धरायच्या अटीवर बसू दिलं. माय या वेळी भाकर बेतानं थापून आली होती, तळहाताएवढी.

चिंगीनं पोराला ओळखलं नाही. गुरगुरलीच. खंड्यानंही आईला ओळखलं नाही, तो तिच्या वाटीतलं दूध बघत होता. मला उगाच वाईट वाटलं. मायला काहीच वाटलं नाही. तिनं भाकर कुस्करून चिंगीला घातली, पाठीवरून हात फिरवला. शैलाताईंनी खंड्याचे दात बघितले, गुडघे चाचपले, आणि मग मायला जरा चालून दाखवा म्हणाल्या. माय वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी होती. दोन्हीकडं ऊस, तोडलेले फड, मध्येच वेचणीला आलेला पांढरा कापूस. अंबड अजून लांब होतं. ती टोपलीच्या झाकणावर हात ठेवून, बाहेर बघत म्हणाली, "वर्साच्या आत दाखवायचं असतं, नंदे. माझं वरीस होऊन गेलं."

मला क्षणभर कळलं नाही. मग बाहेर बघितलं. पुढं आमच्या गावचा फाटा होता.

वर्षभरात तिनं गावाचं नाव काढलं नव्हतं आणि मीही नाही. मी का नाही, ते मला ठाऊक होतं. गावी नेलं तर ती परत येणार नाही, याची मला भीती होती. पिल्लाच्या आईला भाकर घालायला मी सतरा ठिकाणी फोन केले. आणि माझ्या मायला मी दवाखान्यातून उचलून आणलं, न विचारता, न दाखवता, खोक्यातून आणावं तसं. तिथं कुणी माझी उलटतपासणी केली नाही. करमलं नाही तर परत आणायचं, असा कागद कुणी माझ्यासमोर ठेवला नाही. पर्समध्ये हात घातला तर किल्ली तिथंच होती, वर्षभर जिथं टाकली होती तिथं.

मी उठून बेल ओढली. तिकीट अंबडचं होतं, कंडक्टर तेच सांगत होता. मी म्हटलं, इथंच उतरायचंय. एसटीच्या पायऱ्या तीन. मी आधी उतरून हात पुढं केला, तर मायनं माझ्या हातात टोपली दिली आणि दांडा धरून स्वतः उतरली.

बस गेल्यावर फाट्यावर धूळ बसेपर्यंत आम्ही थांबलो. खंड्याला टोपलीतून काढून खाली ठेवलं. मी मायला सांगितलं, तुला इथं राहावंसं वाटलं तर राहा, मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन. यायचं असलं तर संध्याकाळची गाडी आहे. तू म्हणशील तसं.

तिनं हात पुढं करून किल्ली मागितली. मी दिली. ती पदराच्या टोकाला बांधून तिनं काठी उचलली.

"चल जल्दी," म्हणाली. "घर झाडायचं हाय."